मशीन ताट रिकामं पाठवतं

माझा पगार व्हिडिओ गेमवर चालतो, हे वाक्य आमच्या गावात, कारापुरात, मोठ्याने बोलायची सोय नाही. आमच्या घरात तर मुळीच नाही. लहानपणी जहाजावर नोकरीला असलेल्या मामाने टीव्हीला जोडायचा एक गेम आणून दिला होता. आईने तो कपाटाच्या डोक्यावर असा ढकलून ठेवला की तो काढायला शिडी लागावी. "खेळान कोणाचा बरा झाला?" असं तिने तेव्हा विचारलं होतं. त्याचं उत्तर द्यायला मला पीएचडी करावी लागली आणि ते उत्तर तिला अजून पटलेलं नाही. मुलगी काय करते असं कोणी विचारलं तर ती सांगते, "कॉलेजात शिकयता." काय शिकवते, तर "कम्प्युटर." चौकशी आणखी पुढे सरकली की ती चहा ठेवायला उठते.

मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करते आणि ते व्हिडिओ गेममधून करते. यात लबाडी काही नाही. मशीनला थेट खऱ्या जगात शिकायला सोडलं तर भांडी फुटतात, माणसं दुखावतात. खेळात फुटलेलं भांडं पुढच्या डावाला पुन्हा जागेवर असतं. म्हणून माझ्या धंद्यातली माणसं मशीनला आधी खेळायला बसवतात, हजारदा हरू देतात आणि ते काय शिकलं ते बघत बसतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही बाई भर दुपारी ऑफिसात गेम खेळते. आतून बघणाऱ्यालाही पुष्कळदा तसंच वाटतं.

माझा कोपरा त्यातही छोटा. मशीनने माणसाला हरवावं कसं, यात मला रस नाही. त्याने माणसाच्या जोडीने काम कसं करावं, हे मी बघते. त्यासाठी आम्ही एक साधा खेळ तयार केला आहे. पडद्यावर स्वयंपाकघर, मधोमध ओटा. ओट्याच्या एका बाजूला भाज्यांच्या टोपल्या, दुसऱ्या बाजूला चूल आणि मिरच्या-कोकमांची टोपली. भाजीवाल्याने मागणीप्रमाणे भाजी ताटात घालून ताट ओट्यावर ठेवायचं, चुलीवाल्याने ती शिजवून पदार्थ बाहेर पाठवायचा आणि ताट परत करायचं. जितके पदार्थ बाहेर जातील तितके गुण. एका बाजूला माणूस बसतो, दुसऱ्या बाजूला कधी माणूस असतो, कधी मशीन. शेवटी माणसाला विचारायचं, तुझ्या जोडीला कोण होतं? हॉस्टेलचं नेट सारखं तुटतं, म्हणून मी त्यात आणखी एक सोय करून ठेवली होती. खेळता खेळता एखाद्याचं नेट गेलं की मशीन गुपचूप त्याची जागा घेतं आणि डाव पुढे चालू राहतो. ही सोय पुढे माझ्या अंगावर आली, की माझ्या उपयोगी पडली, ते तुम्हीच ठरवा.

आता काकीबद्दल सांगते. काकी आमची नात्यातली नाही. कुंपणापलीकडची शेजारीण, माझ्या आईच्या वयाची आणि माझ्या जन्माच्या आधीपासून आईची मैत्रीण. तिचं माहेर पेडण्यातलं केरी, समुद्राला लागून. त्यामुळे सुक्या मासळीचं सगळं ज्ञान आमच्या घरात कुंपणावरून आलं. तिच्याकडून सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, खोबरं घातलेली किसमूर यायची, आमच्याकडून मिसळीच्या भाज्यांचं खतखतं जायचं. आणि भांडं कधी रिकामं परत जायचं नाही. तिच्या डब्यातून किसमूर आली की तो डबा घासून, पुसून, त्यात काहीतरी घालूनच परत करायचा. घरात काहीच नसेल तर गुळाचा खडा, तोही नसेल तर दोन मिरच्या. रिकामं भांडं परत करणं म्हणजे तुमचा आमचा संबंध संपला असं तोंडावर सांगणं. हा नियम मला कोणी शिकवला नाही. मी फक्त डबा घेऊन कुंपणापर्यंत धावायचे.

गेल्या चवथीला, म्हणजे गणपतीत, हे सगळं बंद पडलं. आरती झाल्यावर काकीने आमच्याकडची नेवरी, म्हणजे करंजी, उचलली, उजेडात धरली आणि दहा माणसांत म्हणाली, "ह्यो नेवऱ्यो खंयसून हाडलंस गो? मुरड हाताची नाय."

चवथीच्या नेवऱ्या विकतच्या आहेत असं कोणाच्या घरात उभं राहून म्हणणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. त्यातून ते खरं होतं. आईचं मनगट तेव्हा दुखत होतं. अर्ध्या तिने केल्या होत्या, अर्ध्या साखळीच्या बाजारातून आणून एकत्र कालवून टाकल्या होत्या, आणि हे देवाशिवाय कोणाला कळणार नाही अशी तिची समजूत होती. आई हसली, सगळ्यांना चहा दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून काकीशी बोलणं सोडलं.

त्या वेळी काकीचा एक डबा आमच्याकडे होता आणि आमचा एक टोप तिच्याकडे. डबा भरून परत करावा तर आपण नमलो, रिकामा करावा तर कायमचं तुटलं. आईने तो घासून फळीवर पालथा घालून ठेवला. काकीनेही टोपाचं तेच केलं असावं. असे महिने गेले. आई घरात पहिल्यासारखीच वावरत होती, पण तिच्या बोलण्यातली अर्धी माणसं कमी झाली होती. बाबांची किसमूर गेली. ते सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकांच्या फेऱ्या वायरलेसवर सांभाळायचे. खाण बंद पडली तरी त्यांची बोलायची तऱ्हा तशीच राहिली. मी फोन केला की सांगायचे, "दोनय बाजूंनी वाहतूक ठप्प."

जानेवारीत कळलं की काकी मेअखेर मुलाकडे पुण्याला राहायला जाणार, कायमची. घर बंद करून, किल्ली दिराकडे ठेवून. आई ऐकून नुसती "बरा" म्हणाली आणि नारळ खवायला बसली. त्या दिवशी दोघांच्या घरात खाल्ला जाईल त्याच्या दुप्पट नारळ तिने खवला. मेपर्यंत या दोघी बोलल्या नाहीत तर मग कधीच बोलणार नव्हत्या, कारण दोघींपैकी एकीलाही फोनवर भांडण मिटवता येत नाही. त्यांना त्यासाठी कुंपण लागतं.

मी मध्यस्थी करून पाहिली. आई म्हणाली, "तिचो विषय काढू नको." काकी म्हणाली, "तुझ्या आवशीक माजी गरज नाय." सरळ मार्ग असे संपल्यावर मी माझ्या धंद्याकडे वळले.

आईला मी सांगितलं की माझ्या संशोधनाला गृहिणी हव्या आहेत. पोरं फार भराभर खेळतात, मशीनला स्वयंपाक कळत नाही. स्वयंपाक कळत नाही म्हटल्यावर ती टॅबलेट हातात घ्यायला तयार झाली. काकीकडे नातवंडांना बघण्यासाठी मुलाने दिलेला टॅबलेट होताच. तिलाही मी हेच सांगितलं. पहिल्या दिवशी दोघींच्या समोर, वेगवेगळ्या वेळी, खरोखरच मशीन होतं.

आईने भाजीची बाजू घेतली. मागणी भेंडीची होती, तिने भेंडीसोबत एक टोमॅटोही ताटात घातला. मशीनने टोमॅटो कचऱ्यात टाकला, भेंडी शिजवली आणि ताट परत ठेवलं, लखलखीत रिकामं. आई पडद्याकडे बघत राहिली.

"हुशार आसा," ती मला म्हणाली, "पण वळण नाय."

काकीला चूल मिळाली. तिने परतीच्या ताटात न चुकता एक मिरची ठेवली आणि मशीनने ती न चुकता कचऱ्यात फेकली. "दिल्लेला टाकून दिता," काकी म्हणाली. "ह्या कोणाचा पोर गो?"

आमच्या प्रयोगात तोवर कितीतरी मुलामुलींनी हा खेळ खेळला होता. परतीच्या ताटात कोणी काही ठेवल्याचं मला आठवत नाही. त्याने गुण मिळत नाहीत, उलट वेळ जातो. आणि या दोघी, एकमेकींपासून एका कुंपणाच्या अंतरावर, एकमेकींना पत्ता नसताना, तेच करत होत्या. मला हसू आलं. मग मी जे करायचं ते केलं. दुसऱ्या दिवशी मशीन काढून टाकलं आणि दोघींना एकमेकींसमोर बसवलं. दोघींना सांगितलं, समोर मशीनच आहे.

आमच्या संस्थेत माणसांवर प्रयोग करायचा तर एक समिती परवानगी देते. माणसाला फसवायचं असेल तर फारच बारकाईने विचारते. स्वतःच्या आईला फसवायची परवानगी कोणतीही समिती देणार नाही, म्हणून मी विचारली नाही, आणि या खेळांमधलं अक्षरही संशोधनात वापरलं नाही. बाबांना मात्र कटात घेतलं. दुपारची झोप झाली की ते दारापुढच्या बल्कांवात कदेल टाकून बसायचे, तिथून दोन्ही घरांच्या उघड्या जनेलांतून आत दिसतं. मग माझ्या ऑफिसात फोन यायचा.

"एक नंबर लागली. दोन नंबर चष्मो सोधता. थांब. लागली. सोड."

मी सोडायचे.

पहिल्या डावात आईने वांगं पाठवलं आणि जोडीला कांदा. ताट परत आलं, त्यात कोकम. आईचा हात थांबला. पडद्यावरची तिची छोटी बाहुली ओट्यापाशी नुसती उभी राहिली. मग तिने पुढच्या ताटात मागणी नसलेले दोन टोमॅटो घातले. तिकडून तीन मिरच्या आल्या. थोड्या वेळाने मागणीकडे कोणाचंच लक्ष उरलं नाही. ताटं जात होती, येत होती, ओटा भरून वाहत होता, आणि बाहेर एकही पदार्थ जात नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत इतके कमी गुण कोणालाच मिळाले नव्हते. माझ्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी पडद्यावर डोकावून म्हणाली, "मॅडम, मशीन बिघडलं का?" मी म्हटलं, "आता सुधारलंय."

आईने फोनवर तेच सांगितलं. "आज तुजी मशीन बरी खेळली."

"गुण तर सगळ्यांत कमी आलेत, आई."

"गुण घेवन काय करूचे?"

त्यानंतर रोज दुपारी हा खेळ चालला. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. माणसाला समोरचा माणूस की मशीन हे ओळखता येतं का, यावर मी परिषदांमध्ये बोलते, लोक लिहून घेतात. आणि माझी आई रोज आपल्या जन्माच्या मैत्रिणीशी खेळते आणि तिला मशीन समजते. बाबा मधूनमधून काही बातम्या द्यायचे, त्यांकडे मी लक्ष दिलं नाही. एकदा म्हणाले, "तुजी आवय आता खेळूक बसताना साडी बदलता." मला वाटलं, उन्हाळा आहे. एकदा काकी वेळेवर बसली नाही, तर आई टॅबलेट मांडीवर ठेवून वाट बघत राहिली. बाबांनी विचारलं, मशीन खंय गेली? आई म्हणाली, "मशीनीकडे पावणे इले असतले." त्या दुपारी काकीच्या दारात माहेरची गाडी उभी होती. हेही बाबांनी मला सांगितलं. मी आईच्या भोळेपणाला हसले आणि फोन ठेवला.

मे उजाडला तरी बोलणं सुरू झालं नव्हतं. पडद्यावर देवाणघेवाण, कुंपणावर शुकशुकाट. काकीच्या सोप्यावर खोकी दिसायला लागली. मला कळेना आता काय करावं. आता सगळं सांगून टाकावं तर दोघी माझ्यावर चिडून एक होतील, तेही चालेल असं ठरवून मी एका रविवारी घरी गेले. भाषण तयार होतं. जेवण झालं, झोप झाली, आई साडी बदलून खेळायला बसली. मी म्हटलं, डाव होऊ दे, मग बोलू.

आईने ताट पाठवलं. दुधी, आणि सोबत गाजर. तेवढ्यात पलीकडे काकीच्या घरातला पंखा थांबलेला मला जनेलातून दिसला. लाईट गेली होती. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, काकीकडे नाही. माझ्या लॅपटॉपवर दिसलं, काकीचं नेट तुटलं आणि मशीनने तिची जागा घेतली. मशीनने गाजर कचऱ्यात टाकलं, दुधी शिजवला आणि ताट ओट्यावर परत ठेवलं. रिकामं.

मी सांगायला तोंड उघडलं आणि आईचा चेहरा बघून मिटलं. ती चिडली नव्हती. त्या रिकाम्या ताटावरून तिची नजर हलत नव्हती. तिने टॅबलेट बाजूला ठेवला, उठली, फळीवरचा काकीचा डबा काढला, त्यात सकाळी केलेलं मणगणं, हरभऱ्याच्या डाळीची खीर, काठोकाठ भरलं आणि चपला न घालता निघाली. कुंपणाला वळसा न घेता ती त्याच्यातल्या जुन्या खिंडीतून गेली. चवथीपासून तिथे कोणी पाऊल टाकलं नव्हतं, रान माजलं होतं. मी आणि बाबा मागोमाग कुंपणापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. नेट तुटल्याची गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. सांगायला हवी होती असं मला आजही वाटत नाही.

काकी अंधाऱ्या सोप्यावर बंद पडलेला खेळ उलटसुलट करून बघत होती. आईने डबा तिच्यासमोर आदळला.

"रिकामा ताट धाडतंस? माका?"

"खंयचा ताट? माजी लाईट गेली."

"माका दिसला ना."

"मी धाडूक नाय गो. इतकी वर्षां धाडूक नाय, ता आज धाडीन?"

मग आईने विचारलं, "तुका खबर होती, मी म्हणान?"

"पयल्या दिसा मिरसांग फेकून दिली, ती मशीन," काकी म्हणाली. "दुसऱ्या दिसा वांग्यावांगडा कांदो इलो. मशीनीक कांदो घालूची बुद्धी खंयसून येतली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिंडीतल्या रानाकडे पाहिलं. दोघींना पहिल्या डावापासून कळलं होतं. दोघींना हेही कळलं होतं की हा उद्योग माझा आहे. पण आपल्याला कळलंय हे कबूल केलं तर बोलावं लागलं असतं, म्हणून दोघी मशीनशी खेळत राहिल्या. कळलं नव्हतं ते फक्त या विषयाच्या तज्ज्ञ बाईला.

"नेवऱ्यो अर्ध्यो हाडलेल्यो होत्यो," आई एकदम म्हणाली. "माजो हात दुखत होतो."

"ताच तर." काकीचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "हात दुखता म्हणान बाजारात गेलंस. माका हाक मारूक काय झाला होता? मी बसान मुरडून दिल्यो असत्यो."

म्हणजे काकीने दहा माणसांत काढला होता तो आपल्याला हाक न मारल्याचा राग होता, आणि ती माझ्या आईवर इतके दिवस याचसाठी रुसली होती. आई तिच्याजवळ बसली. लाईट यायला बराच वेळ लागला आणि तोवर दोघींनी मणगणं डब्यातूनच खाल्लं. निघताना आईच्या हातात आमचा टोप होता आणि त्यात किसमूर होती. बाबा टोप दिसताच भात लावायला आत गेले.

मेअखेर काकी गेली. जाताना आईने तिला नवा डबा दिला, नेवऱ्यांनी भरलेला. चवथ लांब होती, तरी केल्या. मुरड हाताची, सगळ्यांची. डबा मुद्दाम आमचा दिला, म्हणजे तो कधीतरी भरून परत यावा. आता दोघी पुण्याहून आणि कारापुरातून रोज दुपारी खेळतात. बाजू आलटून पालटून घेतात, गुण अजून तसेच, तळाला.

मध्ये मी सुटीला घरी होते. चूल त्या दिवशी आईकडे होती. डाव रंगात आला असताना तिने मला विचारलं, "आमचा नेट बंद केला तर माज्या जाग्यार मशीन बसता मगे?"

"बसतं." हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. "कित्याक?"

"बंद कर."

"आई, काकीला वाटेल..."

"बंद कर म्हणतंय मा?"

मी बंद केलं. आईने टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला, पदर नीट केला आणि फोनकडे बघत बसली. मी विचारणार होते की आता काय, तेवढ्यात तो वाजला. आईने मला खुणेने उचलायला सांगितलं आणि स्पीकर लावायला लावला.

"काय गो," काकीचा श्वास लागला होता. "तुजी आवय बरी आसा मगे? रिकामा ताट इला."

आईने पदराचं टोक तोंडावर धरलं. ती हसत होती, तरी डोळ्यांतून पाणी येत होतं. थोड्या वेळाने तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"बरी आसंय," ती म्हणाली. "नेट लायतंय, थांब."